हेर्लेकर सरांची उतरती रेघ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांची व्यसनं दर दोन वर्षांनी कमी होत असत. ती कमी झाल्याचं जाहीर करण्याची तारीख, सभागृह आणि प्रमुख पाहुणे आधी ठरत; मुलांच्या हातात प्रश्नावल्या त्यानंतर पडत. नव्वदच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं हा चमत्कार ज्यांनी एकहाती चालवला, ते प्रा. डॉ. माणिकराव हेर्लेकर माझे सहकारी होते. आमच्या कॉलेजात ते समाजशास्त्राचे विभागप्रमुख. विभागात ते धरून दोघंच, आणि दुसरे गृहस्थ बहुधा रजेवर असत. त्यामुळे त्यांच्या प्रमुखपणाला कुठून आव्हान येण्याची भीती नव्हती.

सरांचा आवाज खोल होता आणि तो त्यांना स्वतःला फार आवडत असे. वाक्याच्या शेवटी ते थोडं थांबत, कानावर पडलेलं पुन्हा चाखल्यासारखं करत, मग पुढचं वाक्य सुरू करत. स्टाफरूममध्ये एकटे असले तरी शिपायाला ‘जरा चहापानाची व्यवस्था बघा’ असं सांगत. शिपाई अर्धा चहा आणून ठेवी. दुसऱ्याचं बोलणं ऐकताना ते हनुवटी थोडी उचलून, नजर दूर लावून बसत. नवख्या माणसाला वाटे, सर विचारात पडलेत. जुन्यांना ठाऊक होतं की समोर फोटोग्राफर असेल या हिशेबाने तो चेहरा कायमचा लावून ठेवलेला आहे. पुस्तक ते वाचत नसत, ‘अवलोकन’ करत. स्वतःचा उल्लेख आडनावाने करत. ‘हेर्लेकर आकड्यांचा सेवक आहे,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, ‘प्रश्न असा आहे की.’ या शब्दांनंतर मी एवढ्या वर्षांत एकदाही प्रश्न ऐकला नाही.

सर्वेक्षणाची मूळ कल्पना चांगली होती. हे इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे चांगलं म्हणावं असं फारसं येणार नाही. बाहेरच्या एका संस्थेला पौगंडावस्थेतल्या मुलांच्या व्यसनांचा दीर्घकाळ मागोवा घ्यायचा होता. ठरावीक शाळा, आठवी ते दहावीचे वर्ग, आणि दर दोन वर्षांनी तेच प्रश्न, त्याच पद्धतीने. मुलं बदलतील, प्रश्न बदलायचे नाहीत. म्हणजे तंबाखू, गुटखा, मावा, बिअर हे सगळं वाढतंय की घटतंय, कुठल्या वयात सुरू होतंय, हे दहा-बारा वर्षांत समजेल. त्या काळी शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकत आणि फुलवाल्याच्या माळांपेक्षा त्या ताज्या असत. कुणीतरी हे मोजायला हवंच होतं. संस्थेने सोबत सूचनापत्रक पाठवलं होतं. मुलाने नाव लिहायचं नाही. उत्तरं लिहिताना शिक्षक वर्गाबाहेर. कागद मुलांनी स्वतः बंद पेटीत टाकायचे. कुठल्याही शाळेचं नाव कधीही जाहीर करायचं नाही. हेर्लेकरांनी पत्रकाचं अवलोकन केलं.

मी संख्याशास्त्र शिकवत असे म्हणून मला ‘तांत्रिक सल्लागार’ नेमलं. सल्ला कुणी मागितला नाही. जीपमध्ये सामान चढवताना दुसऱ्या बाजूला धरायला माणूस लागे, तो मी.

पहिल्या फेरीची सुरुवात हातकणंगल्याकडच्या एका शाळेत झाली. नववीचा वर्ग. वर्गशिक्षक हजर, मुख्याध्यापक हजर, गावातले दोन प्रतिष्ठित हजर. सर फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “प्रश्नावली भरण्याआधी आपण सर्वजण व्यसनमुक्तीची शपथ घेणार आहोत.”

सगळा वर्ग उभा राहिला. हात पुढे झाले. आजन्म कोणत्याही व्यसनाला स्पर्श करणार नाही, असं पोरांनी सरांच्या मागोमाग खणखणीत म्हटलं. मग खाली बसून पहिला प्रश्न वाचला: तुम्ही कधी तंबाखू, गुटखा किंवा मावा खाल्ला आहे का?

मी मागच्या बाकाजवळ उभा होतो. एक पोरगा शेजाऱ्याला कुजबुजला, “आता काय लिव्हायचं रं?”

“न्हाय लिव्ह.”

“पर सकाळी तूच दिलतास की.”

“शपथ घेटलीस न्हवं आत्ता? व्हय लिवलंस तर शपथ मोडती. आई मरंल तुजी.”

एवढा ठोस युक्तिवाद मी आमच्या कॉलेजच्या विद्वत्सभेतही ऐकलेला नाही. पोराने मुकाट्याने ‘नाही’वर खूण केली. वर्गशिक्षक छडी घेऊन बाकांमधून फिरत होते आणि प्रत्येक कागदात डोकावून म्हणत होते, “खरं लिवा बरं का. खोटं लिवलंसा तर बघा.” अख्खा वर्ग निर्व्यसनी निघाला. गावातल्या दोन प्रतिष्ठितांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकाने त्याआधी बाहेर जाऊन थुंकून घेतलं.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, “सर, शपथ नंतर घेतली तर?”

“प्रश्न असा आहे की,” सर म्हणाले, “आधी मन शुद्ध करायचं, की आधी चौकशी करायची?”

“आधी चौकशी.”

“तुम्ही संख्याशास्त्राचे. मन हा तुमचा विषय नव्हे.”

गडहिंग्लजचा प्रसंग तर मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगत असे, फक्त नाव गाळून. तिथे मुलींचा वर्ग होता. मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड. बोटावर घेऊन हिरड्यांना चोळतात. आपल्याकडे कित्येक घरांत बायकांचा दिवस तिच्याशिवाय सुरू होत नाही आणि कुणी तिला व्यसन म्हणत नाही. ‘इतर’ असं लिहिलेल्या रिकाम्या जागेशी एक मुलगी अडली. तिने हात वर केला.

“सर, मिश्री लिव्हायची का?”

तिच्या बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, “मिश्री कशाला? ते दात घासायचं असतंय.”

“पण बाई, न्हाय लावली की डोस्कं दुकतंय. आमच्या अक्कानं सवय लावल्याय.”

हेर्लेकर प्रेमळपणे पुढे झाले. “बाळ, दिवसातून किती वेळा दात घासतेस?”

“चारदा. घरात कोण नसलं की जास्तीबी.”

“शाब्बास!” सर म्हणाले आणि वर्गाकडे वळले. “ऐकलंत? हिचा आदर्श घ्या.”

अहवालात गडहिंग्लजच्या मुलींचा उल्लेख ‘मौखिक आरोग्याविषयी उल्लेखनीय जागरूकता’ या मथळ्याखाली आला. मी तो मजकूर दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, छपाईची चूक असेल.

अहवाल कुणी वाचत नाही हे सरांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी फलक करून घेतला. चांगला दरवाजाएवढा पत्र्याचा फलक. शाहूपुरीतल्या एका पेंटरने तो रंगवला होता: खाली वर्षांसाठी मोकळी जागा, डावीकडे प्रमाण, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात सरांचं भलं मोठं चित्र, फेट्यासकट. पहिल्या फेरीचा ठिपका डावीकडे वर मांडलेला. तो इतका वर कसा, हे मला कधी कळलं नाही. निर्व्यसनी वर्गांमधून एवढं व्यसन सरांनी कुठून जमवलं होतं, हे त्यांनाच ठाऊक. पण खाली यायचं तर आधी वर असावं लागतं, एवढं त्यांना कळत होतं. पेंटर धंद्याने माणसं बघितलेला. फलक ताब्यात देताना तो म्हणाला, “साहेब, एक सांगू का? हितनं फुडं रेघ वर गेली तर ती तुमच्या मिशीत घुसती.”

“जाणार नाही,” सर म्हणाले.

आणि ती गेली नाही. दुसऱ्या फेरीला सरांनी प्रश्न ‘सुधारले’. आधी विचारलं होतं, कधी खाल्ला आहे का. आता विचारलं, नियमित खाता का. तिसऱ्या फेरीला त्यात ‘रोज’ आणि ‘स्वेच्छेने’ हे दोन शब्द भरले. पोराची उंची दरवेळी वेगळ्या फुटपट्टीने मोजावी आणि पोरगं आखूड होत चाललंय म्हणून पेढे वाटावेत, तसा हा मागोवा चालला होता. मी एकदा स्पष्ट सांगितलं. सर हनुवटी उचलून ऐकत राहिले. मग म्हणाले, “तुमच्यात नकारात्मकता फार आहे. घरी सगळं ठीक आहे ना?”

तिसऱ्या फेरीत आमची गाठ कांबळे मॅडमशी पडली. शाळा पहिल्यापासून यादीत होती, पण आधीच्या दोन फेऱ्यांत मॅडम समोर आल्या नव्हत्या. गडमुडशिंगीच्या पलीकडचं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. ते एकदा जाहीर झालं होतं, आणि त्यातून काय झालं हेच पुढे सांगायचं आहे. मॅडम तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला आणि गुऱ्हाळावर राबून मुलीला बी.एस्सी., बी.एड. केलं. मॅडमचा आवाज दोन वर्ग पलीकडे ऐकू जाई, त्यासाठी त्यांना चढवावाही लागत नसे. त्या वर्षी त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेने ती खुर्ची मॅडमची होती. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चेअरमनना, म्हणजे अण्णांना, हे पसंत नव्हतं. कांबळे आडनावाच्या बाईच्या हाताखाली शाळा द्यायची नाही, हे उघड बोलण्याचे दिवस गेले होते, म्हणून ते एखाद्या सभ्य कारणाच्या शोधात होते. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनाही.

आमच्या सुदैवाने त्या दिवशी हेर्लेकरांचा दुसरीकडे सत्कार होता. मी एकटाच कागदांचा गठ्ठा घेऊन गेलो. मॅडमनी सूचनापत्रक मागून घेतलं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. तीन फेऱ्यांत हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“शिक्षकांनी बाहेर थांबायचं असं लिहिलंय हितं.”

“लिहिलंय खरं.”

“मग चला की.” त्यांनी वर्गशिक्षकांना बाहेर काढलं. मी दाराशी घुटमळलो. “तुमीबी बाहेर, पावणं.”

दार लावून घेण्याआधी त्या मुलांना काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं. “नाव घालायचं न्हाय. मी वाचणार न्हाय, कोण वाचणार न्हाय. मिश्रीबी लिवा, माव्यातली तंबाखूबी लिवा, चोरून प्यालेली बिअरबी लिवा. आणि प्रश्नात ‘रोज’ म्हटलंय ते खोडा. आठवड्यातनं एकदा खाल्ली तरी खाल्लीच की ती.” मग त्याही बाहेर आल्या.

निम्म्याच्या आसपास वर्ग काही ना काही घेत होता. मला आकड्याचं आश्चर्य वाटलं नाही. सकाळी आठ वाजता त्या शाळेपुढच्या टपरीवर उभं राहिलेल्या कुणालाही वाटलं नसतं. मी थबकलो ते एका कागदाच्या पाठीमागे. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘सुटत न्हाई. काय करू.’ अशा आणखीही दोन-तीन पाठी निघाल्या. एकीवर नुसतंच ‘तोंड उगडत न्हाई निट’ असं होतं.

मी ते कागद हेर्लेकरांपुढे ठेवले. त्यांनी अवलोकन केलं.

“पाठीमागची बाजू कोरी ठेवावी, अशी सूचना द्यायला हवी होती,” ते म्हणाले.

इतकी वर्षं मला त्यांचं हसू यायचं. त्या दिवशी पहिल्यांदाच आलं नाही.

ही शाळा हिशेबात धरली तर रेघ मिशीत जात होती, आणि गाळता येत नव्हती, कारण शाळा त्याच ठेवण्याची त्या बाहेरच्या संस्थेची अट होती. सरांनी मार्ग काढला. रेघ ठरल्याप्रमाणे खाली नेली आणि त्या शाळेसाठी बाजूला एक वेगळा लाल ठिपका काढला. फलकाच्या अनावरणाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणाच्या ओघात विचारलं, “हा लाल ठिपका कसला, सर?” सभागृह भरलेलं, वार्ताहर पहिल्या रांगेत. पत्रकातली शेवटची सूचना पाळायची, तर ‘ते सांगता येणार नाही’ एवढे चार शब्द पुरले असते. पण ठिपका आपला नव्हे हे सांगण्याची घाई सरांना जास्त होती.

“खेदाने सांगावं लागतं,” सर त्या खोल आवाजात म्हणाले, आणि त्यांनी गावाचं नाव घेतलं, शाळेचं घेतलं, आणि थोडं थांबून, चाखून, ‘तिथल्या एक कांबळे मॅडम’ असंही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. तिसऱ्या दिवशी एस.टी.त त्या गावचा माणूस चढला की लोक ‘या, मावावाले’ म्हणायला लागले. अण्णांना हवं होतं ते सभ्य कारण घरपोच मिळालं. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, शाळेची अब्रू गेली, आता मुख्याध्यापकपद नको असल्याचं स्वखुशीने लिहून द्या. नाहीतर पालकसभा घेऊ आणि गावच काय ते ठरवील.

मॅडम आमच्या स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा सर चहापान करत होते.

“सर, रविवारी पालकसभा हाय. तुम्ही यायचं,” त्या म्हणाल्या. “दोनच गोष्टी सांगायच्या. शाळेचं नाव सांगायचं नव्हतं, ते तुमच्याकडनं गेलं. आणि बाकीच्या शाळांत मास्तर पोरांच्या डोक्यावर उभे होते, म्हणून तिथलं कमी दिसतंय.”

“मॅडम, प्रश्न असा आहे की—”

“प्रश्न माझ्या नोकरीचा हाय, सर. अठरा वर्षं झाली मला हितं. मी लिहून देणार न्हाय. पण गाव उठलं तर अण्णा माझ्या हाताखालच्याला खुर्चीत बसवतील, आणि मग मी कोर्टात जाईन, आणि ते निकाल लागंपर्यंत मी रिटायर होईन. तुम्ही दोन वाक्यं बोलला तर यातलं काय होत न्हाय.”

सरांनी कप बशीत ठेवला. दुसरं वाक्य बोलायचं म्हणजे फलकावरची सगळी रेघ खोटी म्हणायची. हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. तरी ते म्हणाले, “हेर्लेकर येईल. हेर्लेकर सत्याचा सेवक आहे.” आकड्यांवरून सत्यावर त्यांची बदली कधी झाली हे मला माहीत नव्हतं.

ते आले. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. फेटा नव्हता, पण इस्त्री होती. शाळेच्या पटांगणात सतरंज्यांवर गाव बसलेलं, बायका एका बाजूला. अण्णा व्यासपीठावर खुर्चीत, गाल फुगलेला. मॅडम खाली, शिक्षकांच्या रांगेत. अण्णांनी आधी शाळेच्या बदनामीचं सगळं खापर मॅडमवर फोडलं, मग सरांकडे बघून म्हणाले, “आता ह्ये मोठं साहेब कोल्हापुरातनं आल्यात, त्येच सांगतील.”

सर उठले. गर्दी पाहिली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची तृप्ती पसरताना मी पाहिली. समोर एवढी माणसं असताना दोन वाक्यं बोलून खाली बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. व्यसन हा समाजाला लागलेला काळिमा कसा आहे इथपासून ते सुरू झाले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “तेव्हा, बंधूंनो आणि भगिनींनो, मागचं सगळं विसरून आज आपण सर्वजण, हो, सर्वजण, व्यसनमुक्तीची शपथ घेऊया. उभे राहा!”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. गाव उभं राहिलं. हात पुढे झाले. अण्णाही उठले, हात पुढे केला, तोंड उघडायला गेले आणि त्यांच्या ध्यानात आलं की तोंडात जागा नाही. ते शांतपणे व्यासपीठावरून उतरले, भिंतीशी जाऊन थुंकले, परत आले, हात पुढे केला आणि म्हणाले, “हां. म्हणा, साहेब.”

बायकांच्या बाजूने आधी हसू फुटलं. मग पुरुषांतनं. सर तेवढ्यातही शपथ म्हणत राहिले, आणि निम्म्या गावाने हसत हसत ती घेतली.

हात खाली आले, गाव खाली बसलं, तेव्हा मॅडम उभ्याच होत्या.

“अण्णा, एक इच्यारू का?”

“इच्यारा की.”

“आत्ता शपथ झाली. आता मी तुमच्या हातात कागद दिला, तंबाखू खाता का म्हणून. आणि मी हितं तुमच्या समोर उभी हाय. काय लिव्हाल?”

अण्णा राजकारणातले, हसू आपल्याकडे वळवण्याची सवय असलेले. “न्हाय म्हणून लिव्हीन की! एवढ्या लोकांत काय व्हय म्हणू?”

“आणि मी भाईर गेले, दार लावलं, नाव घालू नका म्हटलं, तर?”

भिंतीवर ओली पिंक अजून खाली ओघळत होती आणि सगळं गाव तिच्याकडे बघत होतं.

“पोरांनी येवढंच केलंय,” मॅडम म्हणाल्या. “बाकीच्या गावांत बाई समोर उभी हुती. आपल्या गावात मी भाईर गेले. त्या गावांतली पोरं खात न्हाईत असं ज्याला वाटतंय त्यानं हात वर करावा.”

कुणी हात वर केला नाही. बायकांतली एक उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “माजं पोरगं खातंय. मला म्हाईत हाय. घरात सांगायची चोरी, कुनी इच्यारलंच न्हवतं. बाईंनी इच्यारलं तर काय पाप केलं व्हय?” आणि ती लगेच खाली बसली, जणू कुणी दुसरंच बोलून गेलं.

हेर्लेकर माझ्याकडे झुकले. “वातावरणनिर्मिती चांगली झाली,” ते म्हणाले.

त्या सभेत काही ठरलं नाही. अण्णा ‘बघू’ म्हणून उठून गेले. मे महिना सरत आला तरी शाळेतून कुठला निरोप नव्हता. मॅडमनी लिहून दिलं नव्हतं आणि अण्णांनी आदेश काढला नव्हता. मग शाळा उघडण्याच्या तोंडावर अण्णांनी क्लार्कला सांगितलं म्हणे, “बसा म्हणावं खुर्चीवर. ह्या बाईला खुर्चीच्या भाईर ठिवली तर आजून बोलंल.” नेमणुकीचं इतकं प्रामाणिक कारण मी आमच्या क्षेत्रात पुन्हा ऐकलं नाही.

ही बातमी सरांना कळल्यावर त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की एका सर्वेक्षणाने एका गावात क्रांती घडवली. क्रांती आहे म्हटल्यावर सत्कार आलाच. एका सकाळी ते शाल, नारळ आणि एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर घेऊन त्या शाळेकडे निघाले. मॅडमना कळवलेलं नव्हतं. अचानक केलेला सत्कार जास्त हृद्य होतो, असं त्यांचं मत होतं. त्या सामानात दुसऱ्या बाजूला धरायला माणूस लागेल असं काही नव्हतं, तरी मला नेलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत कुणी नव्हतं. मॅडम दहावीवर तासाला गेल्या होत्या. वर्गाचं दार उघडं होतं आणि त्यांचा आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला येत होता. सर दारात जाऊन उभे राहिले, शाल दोन्ही हातांवर पसरलेली. मॅडमनी खडू हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं.

“तास संपूदे, सर. बसा तिकडं.”

एवढंच. रागाने नव्हे, घाईने. फळ्यावर काढलेली हिरडीची आकृती अर्धी राहिली होती. त्यांनी पाठ फिरवली आणि ती पुरी करायला लागल्या.

सर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. फोटोग्राफरने घड्याळ पाहिलं. त्याला दुसरीकडे एक उद्घाटन होतं, तो गेला. मी पलीकडे खांबाला टेकून उभा राहिलो. सरांनी शाल घडी करून नारळ मांडीवर घेतला. हनुवटी वर होती. मग समोर फोटोग्राफर नाही हे लक्षात येऊन ती हळूहळू खाली आली. तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. बराच साधा होता.

शाळेचा म्हातारा शिपाई पाण्याची घागर घेऊन आला. त्याने सरांकडे निरखून पाहिलं.

“कुणाकडं आलायसा, पावणं?”

“मुख्याध्यापिकांकडे.”

“बाई तासाला हायत्या. टाइम लागंल. काय काम हुतं?”

सरांनी घसा साफ केला. तो खोल आवाज आला, पण थोडा उशिराने. “मी व्यसनमुक्तीचा. हेर्लेकर.”

शिपायाने घागर खाली ठेवली. त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर खरीखुरी आपुलकी उतरली.

“व्हय?” तो म्हणाला. “सुटलं का मग तुमचं?”

सरांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. ‘प्रश्न असा आहे की’ आता येईल, असं वाटलं. आलं नाही.

“न्हाय सुटलं तर वाईट वाटून घिऊ नका,” शिपाई त्यांच्या शेजारी टेकत म्हणाला. “सुरवातीला लई तरास हुतो. सकाळचं तर जीव निगतो नुस्ता. बाईंस्नी सांगा, त्या ऐकून घेत्यात.” त्याने घागरीतून तांब्याभर पाणी काढून पुढे केलं.

हेर्लेकरांनी नारळ बाकावर ठेवला, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि मान हलवली.